चिंचोके

सातवीतल्या एका मुलीनं साधासाच प्रश्न विचारला, आणि लुंबिनी रामटेकेला उत्तर आलं नाही. झालं ते एवढंच. फरीदाबादच्या नव्या सेक्टरांतली शाळा, मागच्या बाकांवर तिथल्याच शिक्षिका वह्या उघडून बसलेल्या, कारण मुलांना विचार करायची सवय कशी लावायची हे लुंबिनी मॅडम आज वर्ग घेऊन दाखवणार होत्या. हेच दाखवत ती इतकी वर्षं गुडगाव, नोएडा, रोहिणी करत हिंडली होती. पोटापाण्याचा उद्योगच तो. टेबलावर पाण्यानं भरलेलं काचेचं भांडं. त्यात एक संत्रं सालीसकट सोडलं, ते तरंगलं. आता सोलून सोडलं तर? "तुम्हें क्या लगता है? और कैसे पता?" प्रत्येक कारणामागे एक पिवळी प्लॅस्टिकची टिकली टेबलावर ठेवायची, असा खेळ. अर्पिता नावाची ती मुलगी, दोन वेण्या, बोटांना शाई, घाई न करता पुढे आली. सोललं की वजन कमी होणार, ही एक टिकली. हलकी वस्तू तरंगते, ही दुसरी. जड असताना बुडालं नाही, मग हलकं झाल्यावर कसं बुडेल, ही तिसरी. कारणं कशी मांडावीत याचा नमुनाच. लुंबिनीनं संत्रं सोललं, पाण्यात सोडलं, आणि ते सरळ तळाला जाऊन बसलं. वर्ग हसला. अर्पिता हसली नाही. तिनं टिकल्यांकडे पाहिलं, भांड्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मैम, मैंने तो सोचकर बोला था. सोचकर भी ग़लत ही निकलना था, तो सोचा क्यों?"

याचं उत्तर लुंबिनीला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी देता आलं असतं. चुकलं म्हणून तर आता आपण सालीकडे नीट बघू, सालीत काय असतं ते शोधू, चुकणं हीच शिकण्याची पहिली पायरी वगैरे वगैरे. यावर तिची एक अख्खी स्लाइड होती, तिच्यावर हसऱ्या जिन्याचं चित्रही होतं. पण त्यातलं काही म्हणायच्या आधी तिची नजर अर्पिताच्या चेहऱ्यावर गेली. पोरीच्या चेहऱ्यावर आगाऊपणा नव्हता, रागही नव्हता. आपण सगळं सांगितल्याप्रमाणे केलं आणि तरी कोणीतरी आपल्याला फसवलं, असं काहीतरी होतं त्यावर. तो चेहरा लुंबिनीला ओळखीचा होता. कुठून ओळखीचा, हे तिला लगेच कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं. वर्ग शांत. मागे शिक्षिका माना खाली घालून भराभर लिहीत होत्या, कारण प्रश्न आल्यावर शिक्षकानं लगेच तोंड उघडू नये, शांतता टिकू द्यावी, हे तिनंच त्यांना सकाळी सांगितलं होतं. त्यांना वाटलं, मॅडम ते करून दाखवतायत. घ्या आता. माणूस गटांगळ्या खातंय आणि काठावरचे म्हणतायत, वा, काय पोहतात! शेवटी "अच्छा सवाल है, इस पर सोचना पड़ेगा" असं काहीतरी पुटपुटत तिनं वर्ग तिथल्या बाईंच्या हवाली केला, पर्स उचलली आणि बाहेर पडून ऑटो केली.

हातांना संत्र्याच्या सालीचा वास येत होता. साबणानं दोनदा धुतले तरी येत होता. बाबांना ठेवलं होतं ते इस्पितळ तिथून फार लांब नव्हतं, पण बल्लभगडच्या रस्त्यावर ट्रकांची रांग लागली होती आणि ऑटोवाला शिव्या देत इंजिन बंद करून बसला. सकाळी मेट्रोत असताना हितेशचा फोन आला होता. हितेश तिचा धाकटा भाऊ, इथल्याच एका कारखान्यात इंजिनिअर. बाबा त्याच्याकडेच राहायचे. "ताई, डॉक्टर बोलले. हार्ट तर आधीच थकलंय, आता किडन्याही साथ देत नाहीयेत. घरी न्यायचं मनात आणू नका म्हणाले. फक्त त्रास होऊ द्यायचा नाही, बस." मागे कारखान्याचा आवाज येत होता. "बाबा विचारतील गं. कालपासून माझ्या तोंडाकडेच बघतायत. मला नाही जमणार, यार. मी काहीही बोललो की ते म्हणतील कशावरून, आणि मी तिथेच रडेन. तू ये. तू सांग काय सांगायचं ते." दुपारी येते, म्हणाली होती ती. तेव्हाच गाडी बदलून सरळ जाता आलं असतं. पण वर्ग रद्द केला असता तर हितेशनं सांगितलेलं खरं मानल्यासारखं झालं असतं, म्हणून ही शहाणी बाई संत्री घेऊन शाळेत गेली. आता बाबा विचारतील तेव्हा काय सांगायचं हे तिला मुळीच माहीत नव्हतं. खरं सांगायचं म्हटलं तर जीभ रेटत नव्हती. आणि खोटं सांगायचं, तर ज्या माणसानं जन्मभर पुराव्याशिवाय आजची तारीखसुद्धा मानली नाही, त्याला खोटं सांगायचं कसं?

कशावरून. या एका शब्दावर बाबांनी घर चालवलं होतं. सुखदेव रामटेके, मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, मूळ उमरेडकडचे, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरात पहिल्या मजल्यावर बिऱ्हाड. रविवारी सकाळी बुद्धवंदना झाली की व्हरांड्यात सतरंजी पडायची आणि आजूबाजूची पोरं जमायची. मराठी, मल्याळी, गढवाली, कोण कोण. बाबा त्याला 'बैठक' म्हणायचे. त्या काळात चांगला बाप म्हणजे पाढे पाठ करून घेणारा बाप, आणि हे गृहस्थ पोरांना काही सांगायचेच नाहीत, नुसतं विचारायचे. तुला काय वाटतं? आणि कशावरून? मध्ये एक पितळी ताटली आणि शेजारी चिंचोक्यांची पिशवी. ज्याला काही म्हणायचं असेल त्यानं म्हणावं, आणि प्रत्येक कारणाला एक चिंचोका ताटलीत टाकावा. कारण टिकाऊ असलं की बाबा म्हणायचे, "राहू दे." कच्चं असलं की नुसतं बोट पुढे करायचे आणि म्हणायचे, "उचल." शेजाऱ्यांचं बघून सांगितलं? उचल. पुस्तकात छापलंय? छापणारा चुकत नाही कशावरून, उचल. गुरुजी म्हणाले, वडील म्हणाले, मी म्हणालो? "मी सांगतो म्हणून तर अजिबातच नाही. आपल्या लोकांना हजार वर्षं 'आम्ही सांगतो म्हणून' असंच सांगत आले. उचल तो आधी." पोरं खिदळायची. लुंबिनीच्या फ्रॉकच्या खिशात तेव्हा कायम चार चिंचोके असायचे, गुळगुळीत, हात घातला की बोटांना थंड लागणारे. आता तिच्या संस्थेनं त्यांच्या पिवळ्या टिकल्या केल्या होत्या, धुता येणाऱ्या, पाकीटबंद. चिंचोक्याला काय धाड भरली होती, असं तिच्या मनात नेहमी यायचं, पण मीटिंगमध्ये ती कधी बोलली नाही.

या सगळ्या प्रकाराला घरात एकच माणूस जुमानत नसे, ती म्हणजे आई. रमाबाई आतून लाटण्याचा आवाज करत सगळं ऐकायच्या. "पोरांना सरळ उत्तर द्याल का कधी? भूक लागली का विचारलं तर म्हणतात तुला काय वाटतं. अहो, भुकेला काय कशावरून!" चिंचोके तिच्याच स्वयंपाकातले, वरणातल्या चिंचेचे ती धुऊन, वाळवून पिशवीत भरायची, आणि बडबडायचीही. थंडीत लुंबिनी बाहेर निघाली की दारातून हाक यायची, "स्वेटर घाल." कशाला? "मी सांगते म्हणून." बापाची लेक असलेली लुंबिनी धावत बाबांकडे जायची, आता आईला उचल म्हणा, हा चिंचोका चालत नाही. बाबा पेपर बाजूला करून आईकडे बघायचे, चष्म्यावरून, जरा मिश्कील, आणि म्हणायचे, "तिचा चिंचोका उचलायची माझी टाप आहे का? राहू दे तो." मग लुंबिनी स्वेटर घालायची. सगळ्या दिल्लीत कारण नसताना मानायची गोष्ट तेवढी एकच होती.

ऑटो सुरू झाली, पुन्हा थांबली. लुंबिनीनं डोळे मिटले, आणि मिटायला नको होते, कारण मिटल्याबरोबर तो बाक आला. इस्पितळाच्या लांबलचक व्हरांड्यातला हिरवा बाक, जानेवारीचं धुकं जाळीतून आत येतंय, आणि बाबा मफलर गुंडाळून बसलेत. ती आठवीत. आईला कावीळ झाली होती, ती पोटात उतरली असं सगळे म्हणत होते. हितेशला शेजारच्या मल्याळी काकूंकडे ठेवलं होतं आणि ती निघताना त्यानं पायाला मिठी मारली होती, आईला घेऊनच ये म्हणून. ती बाकावर बसली, पाय हलवत राहिली, आणि शेवटी विचारलं, "बाबा, आई बरी होईल ना?" बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुला काय वाटतं?" तिनं म्हटलं, होईल. "कशावरून?" तिला आनंदच झाला होता, आज आठवलं तरी अंगावर काटा येतो. खिशातून चिंचोके काढून तिनं बाकावर मांडायला घेतले. आईनं सकाळी बिस्किट खाल्लं. नाकातली नळी काढली. शेजारच्या पलंगावरची बाई आईपेक्षा पिवळी होती आणि ती घरीसुद्धा गेली. डॉक्टर आईपाशी थांबलेच नाहीत, पुढे गेले. म्हणजे काळजीचं काही नाही. चिंचोके चारच, ते इथे संपले, तेव्हा पुढच्या कारणाला तिनं फ्रॉकचं तुटलेलं बटण ठेवलं. आणि मी आत गेले तेव्हा आई माझ्यावर ओरडली, स्वेटर कुठाय म्हणून. मरणारं माणूस ओरडतं का? बाबा एकेकाकडे बघत होते. बैठकीत त्यांनी शेजारच्या बाईचं कारण एका फटक्यात उडवलं असतं, तिचा नि हिचा काय संबंध म्हणून. डॉक्टरांचं तर हसण्यावारी नेलं असतं. पण त्या दिवशी ते प्रत्येक वेळी म्हणाले, राहू दे. राहू दे. राहू दे. एकही उचलला नाही. म्हणून तिनं घरी जाऊन हितेशला छातीठोकपणे सांगितलं की आई येणार. आणि त्याच आठवड्यात आई गेली.

हितेश कितीतरी दिवस म्हणत राहिला, पण ताई, तू तर म्हणाली होतीस. त्याला काय दोष द्यायचा, तो लहान होता. तिनं मात्र बाबांवर राग धरला, आणि तो असा धरला की धरलाय हेसुद्धा कोणाला कळू दिलं नाही. बाबांना कळत होतं. त्यांना नक्की कळत होतं की सगळे चिंचोके कच्चे आहेत. साऱ्या सरोजिनी नगरात कच्चं कारण वासावरून ओळखणारा हा माणूस, आणि पोटच्या पोरीला त्यानं कच्च्या कारणांचा ढीग रचू दिला. एक जरी उचलला असता तरी तिनं थोडं तरी मन घट्ट केलं असतं. पुढे बैठक पुन्हा सुरू झाली, तेव्हा ती तिच्यात बसली नाही. आत चपात्या लाटत राहायची, आणि बाहेरून 'कशावरून' ऐकू आलं की लाटणं जरा जोरात आपटायची. आणि गंमत बघा, पोट भरायला निवडलं काय, तर तेच. राग धरायचा आणि वारसाही चालवायचा, असलं काहीतरी आपल्या माणसांनाच जमतं. लग्न झालं, मोडलं, बाबा रिटायर झाले, ते क्वार्टर पाडून तिथे टॉवर उभे राहिले. पण त्या दिवशी एकही का उचलला नाहीत, हे तिनं त्यांना कधी विचारलं नाही. जी बाई शेकडो शिक्षकांना प्रश्न विचारायला शिकवत होती, तिला हा एक विचारता आला नाही.

इस्पितळाच्या दारात हितेश उभा होता. दाढी वाढलेली, कंपनीचं ओळखपत्र गळ्यातच. त्यानं तिच्या खांद्याला नुसता हात लावला. लिफ्टमध्ये म्हणाला, "जागे आहेत. डोकं बिल्कुल साफ आहे. तेच तर ना ताई, डोकं साफ आहे." तिनं विचारलं, तू काय सांगितलंस? "मी म्हटलं ताई येतेय." तो खालीच बघत होता. चाळिशीच्या दारातला, दोन पोरांचा बाप, पण ताई येतेय म्हणाला तेव्हा आवाज मल्याळी काकूंच्या दारातलाच होता. तो बाहेर बाकावर बसला आणि ती एकटी आत गेली.

बाबा उशीला टेकून अर्धवट बसले होते. खिडकीतून माघाचं ऊन त्यांच्या पांघरुणावर पडलं होतं. किती लहान दिसत होते. चष्मा मात्र डोळ्यावर, नेहमीसारखा पुसलेला. "ये, लुंबा," ते म्हणाले. "वर्ग झाला?" झाला, ती म्हणाली. "काय घेतलंस?" संत्रं. "हां. बुडालं?" बुडालं, बाबा. ते हसले, खोकले, तिनं पाणी पाजलं. तिचा हात त्यांनी हातात धरून ठेवला आणि वास घेतला. "नागपुरी नाही हे," म्हणाले. बाहेर ट्रॉली गेली. तिला वाटलं, कदाचित विचारणार नाहीत. मग त्यांचं बोट पांघरुणावर आलं, बारीक झालेलं, आणि लोकरीवर एका जागी टेकलं.

"पाय सुजलेत," ते म्हणाले. "एक." बोट जरा सरकलं. "लघवी होत नाही. हितेश माझ्या डोळ्याला डोळा देत नाही. आणि डॉक्टर इथे थांबत नाहीत, लुंबा. पुढच्या पलंगाकडे जातात." काहीच नसलेल्या पांघरुणावर त्यांनी सगळं ओळीनं मांडलं होतं, आणि त्यातलं उचलण्यासारखं एकही नव्हतं. तेच डॉक्टर, तेच न थांबता पुढे जाणं. तिनं एकदा ते दुसऱ्याच अर्थानं बाकावर ठेवलं होतं. "रमाच्या वेळी तू कारणं दिली होतीस," बाबा म्हणाले. "बिस्किट. नळी. शेजारची बाई. डॉक्टर. स्वेटर." दम लागला म्हणून थांबले. "अजून पाठ आहेत मला." मग चष्म्यामागून तिच्याकडे बघत, एखाद्या पोरानं विचारावं तसं त्यांनी विचारलं, "मी बरा होईन ना गं?"

तिचं तोंड उघडलं आणि जिभेवर आलं ते हेच, तुम्हाला काय वाटतं? इतकं सहज आलं की तिचं तिलाच भ्यायला झालं. शिकवायला म्हणून नव्हतं आलं. बाबांनी विचार करावा, म्हणूनही नव्हतं. तिच्याजवळ दुसरं काहीच नव्हतं म्हणून आलं होतं. समोरच्यानंच काहीतरी बोलावं, काहीही, कच्चं, खोटं, पण आपल्याला धरायला काहीतरी द्यावं, म्हणून. आणि ओठ तसेच उघडे राहून लुंबिनीला तो बाक पुन्हा दिसला. पण या वेळी ती बाबांच्या जागेवर बसली होती. मफलर गुंडाळलेला तो माणूस, चाळिशीचा, आज ती त्याच्याहून वयानं मोठी होती. त्याला डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं. बायको जाणार, दोन पोरं मागे राहणार, आणि लेक विचारतेय बरी होईल ना. तो शिकवत नव्हता. तो मागत होता. साऱ्या जगात त्याला त्या दिवशी आई बरी होईल असं सांगणारं एकच माणूस होतं, आठवीतलं, आणि ते बाकावर चिंचोके मांडत होतं. तो कोणत्या हातानं उचलणार होता? आणि आपण त्या माणसावर इतकी वर्षं राग धरला. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं पुसलं नाही.

"हो," ती म्हणाली. "व्हाल."

बाबांनी भुवया वर केल्या. इतक्या थकल्या चेहऱ्यावर ती जुनी भुवई कुठून आली कोण जाणे. "कशावरून?"

तिनं पांघरूण त्यांच्या छातीपर्यंत ओढलं, कडेनं नीट खोचलं, स्वेटरचं वरचं बटण लावलं.

"मी सांगते म्हणून."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. त्यांचं बोट पांघरुणावरून उचललं गेलं, हवेत जरासं थांबलं. सवयीनं ते पुढे येणार असं तिला वाटलं. पण हात हळूच खाली आला, तिच्या हातावर पडला आणि तिथेच राहिला. त्यांनी डोळे मिटले.

"राहू दे," म्हणाले.